‘बाळाला जन्मताच काही टोचू देऊ नका’ सांगणाऱ्या मेसेजला उत्तर

माझ्या भाचीला आठवा महिना लागलाय. परवा तिने व्हॉट्सअ‍ॅपवर एक लांबलचक मेसेज पाठवला आणि खाली विचारलं, ‘‘मावशी, ते व्हिटॅमिन केचं इंजेक्शन नको म्हणून आधीच लिहून देऊ का?’’ हा मेसेज याआधीही माझ्याकडे आला होता आणि मी तो पुसून टाकला होता. आता गप्प राहणं जमणार नाही. माझी नोकरी लेबर रूममध्ये आणि मुलांच्या वॉर्डात गेली आहे, आणि या मेसेजच्या नादाने काय होऊ शकतं हे मला माहीत आहे.

मेसेज थोडक्यात असा. पूर्वी बाळंतपणं घरी, सुईणीच्या हातून होत आणि सगळं सुखरूप पार पडे. हॉस्पिटलांनी त्याचा आजार करून ठेवला. जन्मताच बाळाला टोचतात ते व्हिटॅमिन के म्हणजे विष, त्याने रक्ताचा कॅन्सर होतो. नाळ घाईने कापून बाळाचं हक्काचं रक्त हिरावून घेतात. कमी वजनाच्या बाळाला पेटीबिटी लागत नाही, आईची छाती पुरते. आणि शेवटी, या कामाला नर्सचं वेगळं शिक्षण कशाला हवं, लहान मुलाचं औषध म्हणजे मोठ्यांचा निम्मा डोस.

क्रमाने जात नाही. ज्या मुद्द्यामुळे बाळ दगावू शकतं तो आधी घेते.

‘व्हिटॅमिन के म्हणजे विष’

रक्त गोठायला लागणारे काही घटक यकृतात तयार होतात आणि ते कामाला येण्यासाठी व्हिटॅमिन के लागतं. मोठ्या माणसाला ते हिरव्या पालेभाज्यांतून आणि काही प्रमाणात आतड्यातल्या जिवाणूंकडून मिळतं. बाळाचं तसं नाही. आईकडचं व्हिटॅमिन के वारेतून बाळापर्यंत फारच थोडं पोहोचतं. आईच्या दुधात ते अगदी कमी असतं. आणि नुकत्याच जन्मलेल्या बाळाच्या आतड्यात जिवाणूंनी अजून बस्तान बसवलेलं नसतं. म्हणून निरोगी आईचं, पूर्ण दिवसांचं, चांगल्या वजनाचं बाळसुद्धा या बाबतीत रिकाम्या हातानेच येतं. आई चांगलं खाते-पिते एवढ्याने ही उणीव भरून निघत नाही.

ती भरली नाही तर काही बाळांना रक्तस्राव होतो. पहिल्या आठवड्यात तो नाळेच्या जागी, नाकातून किंवा शीतून दिसतो. दिसतो म्हणून निदान धावपळ तरी करता येते. खरी भीती उशिरा होणाऱ्या रक्तस्रावाची. साधारण दुसऱ्या आठवड्यापासून सहा महिन्यांपर्यंत कधीही, अंगावर छान पिणाऱ्या, हसऱ्या बाळाला तो होतो, आणि त्यातल्या निम्म्याच्या आसपास बाळांमध्ये तो मेंदूत होतो. आदल्या दिवसापर्यंत बहुतेकदा काहीच कळत नाही. बाळ एकाएकी मलूल होतं, ओकतं, त्याला झटके येतात. तीन किलोच्या बाळाच्या अंगात सगळं मिळून रक्तच जेमतेम २४० मिलिलिटर असतं. त्यातलं थोडं कवटीच्या आत साठलं तर काय उरतं, याचा विचार मेसेज लिहिणाऱ्याने केला होता का?

अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने, याचा हिशेब मांडून ठेवला आहे. इंजेक्शन न घेतलेल्या बाळाला हा उशिराचा रक्तस्राव होण्याचा धोका घेतलेल्या बाळाच्या ८१ पट असतो. व्हिटॅमिन केच्या अभावाने रक्तस्राव झालेल्या दर पाच बाळांमागे एक दगावतं. २०१३ साली नॅशव्हिल शहरातल्या एका मुलांच्या हॉस्पिटलात थोड्या महिन्यांत अशी चार बाळं आली. चौघांच्याही आईवडिलांनी जन्माच्या वेळी इंजेक्शन नाकारलं होतं. त्यांना ती बाळं काही कमी प्रिय नव्हती. त्यांच्यापर्यंत अशीच माहिती पोहोचली होती.

आता कॅन्सर. हा आरोप हवेतून आलेला नाही, एवढं कबूल करायला हवं. १९९२ साली ब्रिस्टलमधल्या संशोधकांनी एका अभ्यासात या इंजेक्शनाचा आणि बालपणीच्या कॅन्सरचा संबंध असल्याची शंका मांडली होती. अभ्यास लहान होता, पण शंका गंभीर होती, म्हणून ती तपासली गेली. स्वीडनमध्ये १३ लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी पाहिल्या, अमेरिकेत आणि ब्रिटनमध्येही अभ्यास झाले. संबंध सापडला नाही. मेसेज १९९२ वरच थांबतो, पुढचं काहीच सांगत नाही. ही अर्धी गोष्ट सांगणं मला सरळ खोटं बोलण्याइतकंच वाईट वाटतं.

मेसेजसोबत औषधाच्या कागदावरच्या इशाऱ्याचा फोटोही फिरतोय: ‘तीव्र प्रतिक्रिया, मृत्यू’ वगैरे. तो इशारा खरा आहे. पण तशा बहुतेक घटना औषध शिरेतून दिल्यावर झालेल्या आहेत. नवजात बाळाला ते मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, एकदाच, एक मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी देतात, आणि तिथे अशी प्रतिक्रिया अतिशय दुर्मीळ आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने १९६१ पासून प्रत्येक बाळासाठी याची शिफारस केली आहे. ज्या हेन्रिक डाम आणि एडवर्ड डॉइझी यांना व्हिटॅमिन केच्या शोधासाठी १९४३ सालचं नोबेल मिळालं, त्यांचं काम सगळ्या जगाने पारखून घेतलेलं आहे. ज्यांना सुई नकोच वाटते त्यांच्यासाठी काही देशांत तोंडाने द्यायचे थेंब आहेत. पण ते पुन्हा पुन्हा द्यावे लागतात, एखादा डोस राहून जातो, आणि उशिरा होणाऱ्या रक्तस्रावापासून ते इंजेक्शनाइतकं संरक्षण देत नाहीत.

राहिलं ‘निसर्गाने कमी ठेवलंय त्यामागे काही कारण असणार’ हे वाक्य. निसर्गावर सोडलं की बाळंतपणात काय होतं याच्या नोंदी आहेत. त्याच पुढच्या मुद्द्याला उत्तर देतात.

‘पूर्वी घरी सगळं सुखरूप व्हायचं’

स्वीडनमध्ये अठराव्या शतकाच्या मध्यापासून जन्म-मृत्यूच्या राष्ट्रीय नोंदी आहेत. तेव्हा तिथे दर एक लाख जिवंत जन्मांमागे सुमारे ९०० बाया बाळंतपणात मरत होत्या. म्हणजे साधारण दर १११ जन्मांमागे एक. आणि तेव्हाच्या बाईला एकदाच बाळंत व्हावं लागत नव्हतं. ‘सगळं सुखरूप’ म्हणणाऱ्यांना मेलेल्यांची आठवण नसते, कारण मागे राहिलेल्यांच्या वंशातलेच आपण.

पण इथे मला मेसेजला एक गोष्ट द्यावी लागते. हॉस्पिटल म्हणजे आपोआप सुरक्षित, असं कधीच नव्हतं. व्हिएन्नाच्या जनरल हॉस्पिटलात बाळंतपणाचे दोन विभाग होते, एक डॉक्टर आणि विद्यार्थ्यांचा, दुसरा सुईणींचा. पहिल्या विभागात बाळंतज्वराने मरणाऱ्या बाया दुसऱ्याच्या दुपटीहून जास्त. बायांना हे ठाऊक होतं. पहिल्या विभागात जाण्यापेक्षा वाटेतच बाळंत झालेलं बरं, असं त्या म्हणत. तिथल्याच इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने १८४७ मध्ये कारण शोधलं: डॉक्टर शवविच्छेदन करून तेच हात घेऊन बाळंतिणीला तपासायला येत. त्याने क्लोरीनच्या पाण्यात हात धुण्याची सक्ती केली. एप्रिलमध्ये १८ टक्क्यांवर असलेले मृत्यू जूनपर्यंत दोन टक्क्यांच्या आसपास आले. पुढे फ्लॉरेन्स नाइटिंगेलने स्वतः सुरू केलेला सुईणींच्या प्रशिक्षणाचा वॉर्ड १८६७ मध्ये बाळंतज्वरामुळेच बंद करावा लागला. तिने नंतर आकडे जमवले, आणि १८७१ मध्ये छापून सांगितलं की प्रसूतिगृहांत घरापेक्षा जास्त बाया मरतात.

तर मेसेजवाले खूश होतील. होऊ नये. कारण स्वीडनची उरलेली गोष्ट अशी की १९०० पर्यंत तिथला आकडा ९०० वरून २३० च्या आसपास उतरला, आणि तोवर बाळंतपणं बहुतांशी घरीच होत होती. बदललं होतं ते बाळंतपण करणारं माणूस. सरकारने सुईणींना शिकवलं, परीक्षा घेतल्या, गावोगाव नेमलं. १८२९ पासून तर त्यांना अडलेलं बाळ ओढून काढायचा चिमटा वापरायचीही मुभा होती, जी इतर देशांत फक्त डॉक्टरांना असे. नंतर जंतुनाशकाने हात आणि हत्यारं धुण्याची शिस्त आली. घर की हॉस्पिटल यावरून भांडणाऱ्यांनी हे नीट वाचावं. शिकलेली, हात धुतलेली, वेळेवर धोका ओळखणारी आणि मागे मदत असलेली बाई जवळ असली की बाळंतीण वाचते.

आजही वेगळं नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाने २०२३ मध्ये जगात सुमारे २ लाख ६० हजार बाया गरोदरपणात आणि बाळंतपणात मेल्या. त्यातलं एक मोठं कारण म्हणजे बाळंतपणानंतरचा रक्तस्राव. लेबर रूममध्ये बाळ रडलं की सगळे बाळाकडे बघतात. त्या वेळी नर्सचा हात बाईच्या पोटावर असतो. बेंबीच्या आसपास गर्भाशय टणक गोळ्यासारखं लागलं पाहिजे. मऊ, पसरट लागलं तर आतून रक्त जातंय, मग बाई कितीही गोड हसत असो. चोळून ते घट्ट करायचं, पॅड बघायचं, नाडी बघायची, रक्तदाब घ्यायचा, आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा हेच. पण चादरीवर सांडलेलं रक्त डोळ्यांनी नेहमी कमी वाटतं. म्हणून आता बाईच्या खाली खुणा केलेली प्लास्टिकची पिशवी लावतात, किती मिलिलिटर रक्त गेलं ते सरळ वाचता येतं. केनिया, नायजेरिया, दक्षिण आफ्रिका आणि टांझानियातल्या ८० हॉस्पिटलांत अशी पिशवी लावून आणि लगेच ठरलेले सगळे उपचार एकदम करून पाहिले. तीव्र रक्तस्राव आणि त्याचे गंभीर परिणाम ६० टक्क्यांनी कमी झाले. २०२३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. यातलं बहुतेक काम नर्स आणि सुईणींनी केलं आहे.

हॉस्पिटलांनी बाळंतपणाचा आजार केला, या तक्रारीत तथ्य आहे, तेही सांगते. प्रत्येकीला एनिमा, बाळाची वाट रुंद करायला प्रत्येकीला कातर लावून टाके, जवळ कुणाला थांबू न देणं, उताणं पाडून ठेवणं: हे सर्रास चालत आलंय आणि काही ठिकाणी अजून चालतं. २०१८ च्या जागतिक मार्गदर्शक सूचना याच्या विरोधात आहेत. कळांमध्ये हिंडू-फिरू द्या, तिच्या पसंतीचं माणूस सोबत असू द्या, सरसकट कातर लावू नका, असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. या हक्कांसाठी भांडा. बाळाचं इंजेक्शन नाकारून यातलं काहीच मिळत नाही.

नाळ

घाईने नाळ कापायची पद्धत होती, खरंय. आता किमान एक मिनिट थांबा, असंच सांगतात. बाळाला लोह मिळतं. बाळाला श्वास द्यायची वेळ आली तर मात्र लवकर कापावी लागते. यात कुणी रक्त हिरावत नाही.

‘पेटी नको, आईची छाती पुरे’

हा मुद्दा चलाखीचा आहे, कारण पहिला अर्धा बरोबर आहे. १९७० च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियातल्या बोगोटा शहरात पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. डॉक्टर एडगर रे यांनी बाळं आईच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. कांगारू पद्धत तीच. २०२१ मध्ये भारत आणि आफ्रिकेतल्या चार देशांत मिळून केलेल्या अभ्यासात एक ते १.८ किलो वजनाची बाळं जन्मल्यापासूनच आईच्या छातीशी ठेवली. २८ दिवसांतले मृत्यू १५.७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आले. मोठा फरक आहे. पण ती बाळं घरी नव्हती. आई आणि बाळ दोघांनाही अतिदक्षता विभागात खाट दिली होती. श्वासासाठी यंत्र होतं, सलाइन होतं, दर काही वेळाने तापमान आणि श्वास बघणाऱ्या नर्स होत्या. आईची छाती आणि त्यावर लक्ष ठेवणारे डोळे, हे दोन्ही मिळून ती बाळं जगली. सव्वा किलोचं बाळ या मेसेजवर विसंबून घरी नेलं तर श्वास थांबल्याचं रात्री कुणाच्या लक्षात येणार?

आईला मुलापासून तोडण्याचा इतिहास माझ्या पेशाला आहे, हे नाकारत नाही. विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ब्रिटनच्या कितीतरी वॉर्डांत आईबापांना आठवड्यातून एखाद्या वेळीच भेटू देत. मूल रडायचं थांबलं की ‘रुळलं’ म्हणत. जेम्स रॉबर्टसन या संशोधकाने दाखवून दिलं की ते रुळलेलं नसतं, ते हताश झालेलं असतं. हॉस्पिटलातल्या मुलांविषयीच्या १९५९ च्या प्लॅट अहवालाने आईला सोबत राहू देण्याची शिफारस केली. हा बदल मुलांकडे नीट बघूनच झाला.

‘निम्मा डोस’

हे वाक्य वाचून मला खरोखर संताप आला. मुलाचा डोस वजनाच्या दर किलोमागे काढतात, आणि नवजात बाळाचं यकृत आणि मूत्रपिंड पुरतं तयार नसतं म्हणून काही औषधांना त्यातही वेगळा हिशेब लागतो. दशांशचिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. म्हणूनच धोक्याच्या औषधांचा हिशेब दोन नर्स वेगवेगळा करून ताडून बघतात. श्वास मोजायचा तर पूर्ण एक मिनिट मोजायचा, कारण नवजात बाळ मध्येच काही सेकंद श्वास घेतच नाही आणि मग भरभर घेतं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणलं की उत्तर चुकतं. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे श्वास मिनिटाला ६० किंवा जास्त, वर्षाच्या आतल्याचे ५० किंवा जास्त, पाच वर्षांपर्यंत ४० किंवा जास्त भरले तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. हे शिकावं लागतं.

ज्यांनी मेसेज वाचून इंजेक्शन नाकारलं आहे त्यांच्यासाठी: उशीर झालेला नाही, बालरोगतज्ज्ञांना सांगा, ते आताही देता येतं. तोपर्यंत नाळेतून किंवा नाकातून रक्त, न पडता-आपटता डोक्यावर किंवा चेहऱ्यावर निळे-काळे डाग, काळी किंवा रक्ताची शी, पांढुरक्या हिरड्या, वारंवार उलट्या, अंगावर न पिणं, नेहमीपेक्षा जास्त झोप, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न बघता बाळाला हॉस्पिटलात न्या. आणि गेल्या गेल्या सांगा की व्हिटॅमिन के दिलेलं नाही.