मेंदूत क्वांटम आहे का? (पोस्ट लांब आहे, चहा घेऊन बसा)

"चेतना म्हणजे शेवटी क्वांटमच हो" हे आजकाल आमच्या लोकमान्य नगरात सकाळी फिरायला येणाऱ्या काकांपासून ते शिबिरं घेणाऱ्या गुरुजींपर्यंत सगळ्यांच्या तोंडी आहे, आणि कोणी जरा शंका काढली की हुकमाचा एक्का काढतात, अहो पेनरोजला (रॉजर पेनरोज, ब्रिटिश गणितज्ञ, मेंदूतल्या क्वांटम म्हणजे अणुपातळीवरच्या अजब घडामोडींतून जाणीव येते ही थिअरी मांडणाऱ्या दोघांतला एक) नोबेल मिळालंय! मिळालंय ना, 2020 ला, पण ब्लॅक होलच्या गणितासाठी. मेंदूचा त्यात काही संबंध नाही.

मी इथे इंदुरात भूलतज्ज्ञ आहे, आणि या थिअरीचा दुसरा पार्टनर स्टुअर्ट हॅमरॉफ आमच्याच लाइनचा, अ‍ॅरिझोनातला भूल देणारा डॉक्टर, म्हणून मला तिला सरळ उडवून लावता येत नाही. त्याचा मूळ प्रश्न एकदम खरा आहे. 1846 मध्ये बॉस्टनला ईथर सगळ्यांसमोर देऊन दाखवलं तेव्हापासून आपण लोकांना बेशुद्ध करतोय आणि परत आणतोय, पण "मी आहे" ही जाणीव नेमकी कुठे बंद पडते याचं पूर्ण उत्तर आजही नाही. प्रोपोफॉल, सेवोफ्लुरेन ही भुलीची औषधं मुख्यतः गाबा रिसेप्टरवर (मेंदूच्या पेशींना शांत करणाऱ्या कुलपांवर) काम करतात एवढं कळलंय. पण झेनॉन घ्या, निष्क्रिय वायू, शरीरात कोणाशी रिअ‍ॅक्शन करायच्या भानगडीत पडत नाही, गाबावर फारसा असर नाही, एनएमडीए नावाच्या दुसऱ्याच रिसेप्टरला अडवतो, तरी पेशंट झोपतो. मग या सगळ्यांत कॉमन काय?

हॅमरॉफ म्हणतो मायक्रोट्यूब्यूल, म्हणजे पेशीच्या आतल्या ट्यूब्युलिन प्रोटीनच्या बारीक नळ्या. पेनरोज तिकडून गणितातून येतो, गोडेलचं 1931 चं प्रमेय घेऊन, की ठरीव नियमांचं कुठलंही मशीन घ्या, त्याला सिद्ध न करता येणारं पण गणितज्ञाला दिसणारं एखादं सत्य राहतंच, म्हणून डोकं म्हणजे कॉम्प्युटर नाही, म्हणून तिथे एखादी क्वांटम अवस्था (एकाच वेळी अनेक शक्यता असणं) कोसळून एकच शक्यता उरत असणार. ही "म्हणून"ची साखळी मला कच्ची वाटते. गणितज्ञ काय कधी चुकत नाहीत?

खरी अडचण मात्र फिजिक्सची आहे. क्वांटम अवस्था टिकायची तर आजूबाजूच्या कोणाला तिची खबर लागता कामा नये, आणि मेंदू म्हणजे 37 डिग्रीला ओला, गरम, रात्री अकराला खवय्यांनी गच्च भरलेला आमचा सराफा बाजार, तिथे कोणाच्या कानात गुपित सांगून बघा. मॅक्स टेगमार्क या भौतिकशास्त्रज्ञाने 2000 मध्ये हिशोब मांडला, मेंदूत अशी अवस्था फार तर सेकंदाच्या दहा लाख कोटीव्या भागाइतकी टिकेल. न्यूरॉनचा (मेंदूच्या पेशीचा) एक झटका एक मिलिसेकंदाचा, म्हणजे हजार कोटी पट मोठा. हॅमरॉफच्या बाजूने 2002 मध्ये उत्तर आलं की आकडे चुकीचे धरलेत, वेळ बराच जास्त निघतो. त्यांच्या मूळ हिशोबानेसुद्धा तो मिलिसेकंदाच्या खालीच राहतो, त्याच्या वर न्यायचा तर आणखी गृहीतकं जोडावी लागतात, हे शिबिरात कोणी सांगत नाही.

आता कोणी म्हणेल मॅडम, युरोपातला रॉबिन पक्षी डोळ्यातल्या क्रिप्टोक्रोम नावाच्या प्रोटीनने चुंबकीय दिशा ओळखतो म्हणतात, ते क्वांटमच ना? हो, आणि ती कल्पना मला आवडते, कारण तिथे काम कोणाचं ते ठरलेलं आहे, इलेक्ट्रॉनचा स्पिन (कणाचा एक क्वांटम गुण), अमुक प्रोटीन, आणि दिशा ओळखणं. टेस्ट करता येते. "चेतना क्वांटम आहे" यात नेमकं काय टेस्ट करायचं?

थोडं आहे म्हणा. 2024 ला वेलस्ली कॉलेजमध्ये उंदरांना आधी मायक्रोट्यूब्यूल घट्ट करणारं औषध दिलं आणि मग आयसोफ्लुरेन हे भुलीचं औषध, तर त्यांना बेशुद्ध व्हायला मिनिटभर जास्त लागलं. प्रयोग चांगला आहे, पण यातून सिद्ध काय होतं, तर भुलीत मायक्रोट्यूब्यूलचा हात असावा. क्वांटमचा हात आहे हे कुठून आलं? त्याच नळ्यांवरून न्यूरॉनमध्ये सगळी मालवाहतूक होते, ती बिघडली की बाकीचंही बिघडणारच. आपल्या अंगणातल्या सदाफुलीतून निघणारं कॅन्सरचं औषध व्हिनक्रिस्टिन याच नळ्या मोडतं, आणि पेशंटच्या हातापायाला मुंग्या येतात, बधिरपणा येतो. मेंदूत ते नीट शिरत नाही, म्हणून त्याचा पुरावा मी कोणत्याच बाजूने वापरत नाही. पण या नळ्या लिव्हरमध्येही आहेत, यीस्टमध्येही आहेत हे विसरू नका, मग पावाचं पीठ आंबताना विचार करतं का?

मला खरोखर अस्वस्थ करणारा प्रयोग वेगळाच आहे. 2018 चा, परत झेनॉन. झेनॉनचे आयसोटोप (वेगवेगळ्या वजनाचे अणू) रसायन म्हणून जवळपास सारखेच, फरक अणुकेंद्राच्या स्पिनचा, आणि उंदरांवर असं दिसलं की स्पिन असलेल्या झेनॉनची भूल कमी चढते. हे खरं असेल तर निव्वळ रिसेप्टरच्या साच्यात बसण्याने ते समजावता येणं अवघड आहे. हेच दुसऱ्या लॅबवाल्यांनी स्वतंत्रपणे करून दाखवलं, उंदरांबरोबर माणसातही दिसलं, तर मी या लोकांच्या बाजूने बोलायला लागेन, काकांच्या आधी.

आणि हो, क्वांटम शिबिराची लिंक कृपया इनबॉक्समध्ये टाकू नका.