किती आत्महत्या टळतील, आकडा लिहा!

पोरांसाठी समुपदेशक मिळावा म्हणून केलेला अर्ज तिसऱ्यांदा परत. कारण? सही निळ्या शाईत हवी होती! फोंड्याहून पणजीला कदंब बसमध्ये धक्के खात जायचं, आणि टेबलामागचा म्हणतो, "सर, एप्रिलनंतर या." अहो, एप्रिलात परीक्षा असतात, समुपदेशक तेव्हाच तर लागतो!

फॉर्मात एक रकाना आहे: 'अपेक्षित फलनिष्पत्ती, संख्येत'. म्हणजे किती पोरं मरणार नाहीत ते आधीच लिहून देऊ? 2022च्या राष्ट्रीय धोरणात 2030पर्यंत आत्महत्या 10 टक्क्यांनी कमी करायच्यात म्हणे. आमची समुपदेशनाची खोली म्हणजे जिमखान्याची अडगळ, कॅरमबोर्डामागे एक खुर्ची. दारावर टेलिमानस या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर 14416 मीच चिकटवलाय, झेरॉक्सही माझ्याच पैशानं.

आता म्हणतात ऑनलाइन भरा. साइट उघडेल तर ना!