पोराला डबा घेऊन पाठवलं तर त्याला सांगता यावं, असं नाव ठेवा

आज दुपारपासून डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. पोस्ट मोठी होणार आहे.

माझी भाची पुण्यातली नोकरी सोडून चटणीचा धंदा काढतेय. चटणी म्हणजे आमच्या कोल्हापूरकडची, तुम्ही ज्याला कांदा-लसूण मसाला म्हणता ती. रंगाला ब्याडगी मिरची, तिखटाला संकेश्वरी मिरची, खोबरं, तीळ, धने, खसखस सगळं वेगवेगळं भाजून, आणि मापं माझ्या आईची. मीच लिहून दिलीत तिला. फूड लायसन्स झालं, पाउच ठरला, नाव तेवढं राहिलं होतं. ते काढायला पोरीने एका ब्रँडिंगवाल्याला पस्तीस हजार मोजले आणि आज त्याने लॅपटॉपवर बारा नावं दाखवली. मी मुद्दाम सोबत गेले होते.

बारामध्ये एक मराठी नाव नाही. कुणाच्या शेवटी 'ओ', कुणाच्या शेवटी 'फाय', मधे कुठंतरी झेड घुसवलेला आणि प्रत्येकाखाली त्याचा अर्थ समजावणाऱ्या चार ओळी. मी एवढंच विचारलं की बाबा रे, बाईने दुकानात जाऊन हे मागायचं कसं? तर म्हणाला, आंटी, आपली टारगेट ऑडियन्स वेगळी आहे. वेगळी म्हणजे काय? चटणी खाणारी माणसं वेगळी आणि विकत घेणारी वेगळी?

गडहिंग्लजला आमची गिरण होती. पुढं पिठाची चक्की, मागं मिरचीचा डंक, म्हणजे मिरच्या कुटायचं यंत्र. वर पिवळ्यावर लाल अक्षरांचा बोर्ड, वडिलांचं नाव आणि त्यापुढं 'अँड सन्स फ्लोअर मिल'. आता हे सन्स कोण? बोर्ड रंगवला तेव्हा मी दोन वर्षांची होते आणि माझा भाऊ जन्मलाही नव्हता. पुढं तो झाला, शिकला, पण डंकापाशी एक दिवस बसला नाही, शिंका यायच्या त्याला. गिरण चालवली आईने. मार्च-एप्रिलमध्ये पहाटेपासून बायका डोक्यावर मिरच्यांची गाठोडी घेऊन लाईनीत, आणि आई नाकातोंडाला पदर गुंडाळून रात्री नऊपर्यंत डंकापुढं. तिला सगळं गाव आक्का म्हणायचं. एसटी स्टँडवर उतरून कुणी बोर्डावरचं नाव विचारलं असतं तर रिक्षावाल्याने डोकं खाजवलं असतं. आक्काची गिरण म्हटलं की डोळे मिटून आणून सोडायचे.

सात वर्षांचं पोर पितळी डबा घेऊन यायचं, आईने पाठवलंय म्हणायचं, कुठं जायचं हे त्याला एकदाच सांगितलेलं असायचं. आक्काकडं. नावाची परीक्षा यापेक्षा दुसरी कुठली असते मला सांगा. पोराला सांगता आलं पाहिजे, फोनवर एकदा बोललं की समोरच्याला कळलं पाहिजे, कुरिअरवाल्याला स्पेलिंग फोडून सांगायला लागू नये. बस.

आणि त्या बारा नावांना भाचीने मान डोलावली याचा मला जास्त राग आला. मी म्हटलं, आक्का ठेव की! सरळ 'आक्काची चटणी'. तर हळूच म्हणते, आत्या, ते जरा गावठी वाटतं गं.

गावठी!! ज्या बाईच्या मापाने तू मसाला विकणार तिला हाक मारायची तर गावठी? बेडेकरांनी आडनाव लावलं, चितळ्यांनी लावलं, किर्लोस्करांच्या पंपावर किर्लोस्कर लिहिलेलं, यांचं काय कुठं अडलं? दुकानावर मराठी पाटी लावा म्हणून कायदा करायला लागला, सुप्रीम कोर्टाने २०२३ मध्ये दोन महिन्यांची मुदत दिली तेव्हा लोक हलले, आणि त्यातही अर्ध्यांनी काय केलं तर इंग्रजी नावच देवनागरीत रंगवलं. पाटी मराठी झाली, नाव कुठं झालं?

हां, बनवलेली नावं चालतच नाहीत असं नाही, कॅम्लिन चाललंच की. दांडेकरांच्या कॅमल शाईवरून ते झालं, आणि विको म्हणजे विष्णू इंडस्ट्रियल केमिकल कंपनी हे किती जणांना माहितीय. पण ती तोंडात बसतात, आणि त्यांच्या मागं घरचंच काहीतरी आहे. आणि 'कोल्हापुरी चटणी' एवढंच नाव ठेवलं तर ट्रेडमार्क मिळणं अवघड हेही तो ब्रँडिंगवाला म्हणाला ते खरंय, जे विकतो त्याचं नुसतं वर्णन नाव म्हणून रजिस्टर करायला सहसा देत नाहीत. मान्य. ट्रेडमार्कसाठी मालाचे नंबरवार गट असतात, मसाले तीस नंबरच्या क्लासमध्ये येतात, तिथं आक्का आधी कुणी घेतलंय का ते बघावं लागेल, तेही मान्य. मग बघा ना! त्याचेच पैसे घेतलेत ना तुम्ही? एकट्या माणसाला ऑनलाईन अर्जाची सरकारी फी साडेचार हजार, दहा वर्षं नाव तुमचं. पस्तीस हजारांत काय काय झालं असतं.

म्हणे महाराष्ट्राबाहेर कळणार नाही. अहो गडहिंग्लजच्या पलीकडं घटकाभर गेलं की कर्नाटक लागतं. कन्नडमध्ये अक्का म्हणजे मोठी बहीण, तेलुगूत तेच, तमिळमध्ये तेच. आईकडं संकेश्वरहून बायका यायच्या, एक अक्षर मराठी येत नसायचं, पण हाक तीच मारायच्या.

लिहिता लिहिता जरा शांत झालेय. पोरीचं पण काय चुकलं. सात वर्षं काचेच्या ऑफिसात बसली, तिथं आपला 'ळ' आणि आपलं 'कुठं-तिथं' गिळून बोलायला शिकली, तिला भीती वाटते लोक हसतील म्हणून. मलाही कॉलेजात वाटायची. कोल्हापूरला हॉस्टेलवर असताना वडील काय करतात विचारलं की मी फ्लोअर मिल म्हणायचे, आईचं नावच काढायचे नाही. अंगाला मिरचीचा वास येतो का म्हणून दोनदा आंघोळ करायचे.

वडिलांवरही आज उगाच चिडले. बाजारात सगळ्यांच्या पाट्यांवर अँड सन्स होतं, त्यांनीही लिहिलं. पण गिरण विकली तेव्हा तो बोर्ड भंगारात गेला आणि त्यावर आईचं नाव एकदाही आलेलं नव्हतं, हे मला आई गेल्यावर कळलं. म्हणजे दिसत होतं रोज, कळलं तेव्हा. म्हणून मी आज त्या मीटिंगमध्ये एवढा आवाज चढवला, आणि पोरीला वाटलं आत्या उगाच जुनाटपणा करतेय.

आत्ताच तिचा मेसेज आला. नावाबद्दल काहीच नाही. एवढंच विचारलंय की आज्जीची उधारीची वही अजून आहे का, तिचं अक्षर बघायचंय. आहे. भावाच्या माळ्यावर ट्रंकेत, लाल कापडी बांधणीची, पानांना अजून तिखटाचे डाग आहेत. रविवारी जाऊन काढते.