कण तरंगला खरा, पण हवा काढली म्हणून नव्हे

ठाण्यातल्या आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर परवा तिसऱ्यांदा तोच फॉरवर्ड आला: ‘शास्त्रज्ञांनी पेटीतली हवा काढून गुरुत्वाकर्षण शून्य केले. काचेचा कण गोठवून अधांतरी तरंगवला. आता माणूसही तरंगणार. आपल्या ऋषींना हे ठाऊक होते.’ दुसऱ्या मजल्यावरच्या काकांनी खाली विचारलं, “सर, खरं का हो?” काका, प्रयोग खरा आहे. बाकीचं एकेक बघू. ऋषींना मात्र यातून वगळतो, त्यांनी काही हा फॉरवर्ड पाठवलेला नाही.

‘हवा काढली की गुरुत्वाकर्षण जातं.’ नेमकं उलट. नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरात दुपारी कवडसा पडायचा आणि त्यात धूळ तरंगत राहायची. तिला तोलून धरायची ती हवाच. हवा काढून घ्या, तीच धूळ दगडासारखी खाली येईल. १९७१ साली अपोलो १५च्या डेव्हिड स्कॉटने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडलं. दोन्ही बरोबरच खाली पडली. अंतराळवीर तरंगतात त्याचाही हवेशी संबंध नाही. त्यांच्या स्थानकात आपल्यासारखीच हवा भरलेली असते.

मग कण उचलतं कोण? लेझर. प्रकाश ज्यावर पडतो त्याला अगदी किंचित ढकलतो. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधन संस्थेत भौतिकशास्त्रज्ञ आर्थर ॲश्किन यांनी १९७१ साली सुमारे २० मायक्रॉनची (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) काचेची गोळी खालून लेझर सोडून तोलून धरली, तीही साध्या हवेत! (नोबेल मिळालं २०१८ला, वयाच्या ९६व्या वर्षी.) लेझर बंद केला की गोळी पडणार, म्हणजे गुरुत्वाकर्षण होतं तिथेच आहे.

तर मग हवा काढायचीच कशाला? शांततेसाठी. हवेचे रेणू कणाला सतत धक्के देत असतात, त्या गर्दीत त्याची स्वतःची हालचाल कळत नाही. धक्के थांबले की तो दोरी नसलेल्या लंबकासारखा झुलतो, आणि त्या झुलण्यावरून त्याचं वस्तुमान, त्याच्यावरचा विद्युतभार, त्याच्यावर येणारं बारीकसं बलही मोजता येतं. गंमत म्हणजे हवा काढताना कण निसटण्याचीच भीती जास्त. हवा ब्रेकचंही काम करत होती ना! मग त्याची हालचाल क्षणोक्षणी बघून, उलटा जोर लावून त्याला आवरावं लागतं.

‘गोठवला’ हा शब्दही फसवा. २०२० साली व्हिएन्नात सुमारे १४३ नॅनोमीटरचा कण (केसाच्या जाडीत असे पाचशेएक मावतील) पुंजभौतिकीनुसार (क्वांटम फिजिक्स) शक्य तेवढ्या किमान हालचालीपर्यंत शांत केला. थंड झालं ते त्याचं झुलणं, निरपेक्ष शून्याच्या (सुमारे उणे २७३ अंश सेल्सिअस) वर अंशाच्या जेमतेम एका लक्षांशापर्यंत. कण स्वतः थंडगार झाला नव्हता.

राहिला माणूस. एक वॅट प्रकाश पूर्ण शोषला गेला तर मायक्रोग्रॅमचा एक तृतीयांश भाग तोलता येतो. काका, तुम्हाला ६० किलो धरतो. हिशेब १८० गिगावॅटच्या (एक गिगावॅट म्हणजे शंभर कोटी वॅट) आसपास जातो. मे २०२४ मध्ये अख्ख्या देशाची विजेची विक्रमी मागणी २५० गिगावॅट होती. अंगाला आरसे लावलेत तर निम्म्यात भागेल, कारण परत फिरणारा प्रकाश दुप्पट ढकलतो. नाही लावलेत, तर वर जायच्या आधीच तुमची वाफ झालेली असेल.