तळं गोठलं तरी मासे गोठत नाहीत: ‘अंगणातले मासे वाचवा’ या मेसेजला उत्तर

नोव्हेंबर लागला की इथल्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो, ‘अंगणातले मासे वाचवा’. गेल्या आठवड्यात तो मला चार वेगवेगळ्या लोकांनी पाठवला, आणि चौघांनीही काळजीपोटीच पाठवला. मजकूर थोडक्यात असा: पाणी गोठलं की मासे गोठून मरतात, म्हणून पहिला स्नो पडायच्या आत सगळे मासे घरात आणा, जपानमध्येसुद्धा आणतात. जमत नसेल तर अंगात ऊब राहावी म्हणून दोन वेळा पोटभर खायला घाला, पाणी गोठू नये म्हणून खडे मीठ टाका, बर्फ धरलाच तर हातोडीने फोडा नाहीतर वरून उकळतं पाणी ओता. आणि शेवटची ओळ: बर्फ वितळला की धोका टळला.

मी न्यू जर्सीत राहते. मागच्या अंगणात साधारण पाच हजार लिटरचं तळं आहे, सगळ्यात खोल जागी साडेतीन फूट. त्यात चार कोई (कार्प जातीचे रंगीत जपानी मासे) आणि अकरा गोल्डफिश आहेत. या मेसेजमधल्या काही गोष्टी मी पहिल्या वर्षी स्वतः केल्या आणि त्यात मासे गमावले, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते.

‘पाणी गोठलं की मासे गोठतात.’ सगळी भीती इथूनच सुरू होते, म्हणून इथे जरा थांबू. पाणी सगळ्यात जड असतं ते ४ अंश सेल्सिअसला. त्याहून गार झालं की ते पुन्हा हलकं होऊन वर येतं, आणि बर्फ तर पाण्यावर तरंगतोच. त्यामुळे तळं वरून खाली गोठत जातं. वर चार बोटं जाड बर्फ असला तरी पुरेशा खोल तळ्यात तळाचं पाणी चार अंशांच्या आसपास राहतं, आणि वरचा बर्फच गोधडीसारखा बोचऱ्या वाऱ्यापासून ते पाणी राखतो. जानेवारीत मी सकाळी टॉर्च घेऊन बर्फाच्या उघड्या भोकातून खाली बघते. चारही कोई तळाशी एकमेकांना खेटून, एकाच दिशेला तोंड करून असतात. पर अंगाला चिकटलेले, आणि नीट बघितलं तरच कळेल इतक्या सावकाश कल्ल्यांची उघडझाप. मेलेले वाटतात. ते मेलेले नसतात, खर्च कमी करून बसलेले असतात.

गोल्डफिशचं तर याहून पुढचं आहे. गोल्डफिश आणि त्याचा युरोपातला भाऊबंद क्रूशियन कार्प हे दोघे बर्फाखालच्या पाण्यातला ऑक्सिजन संपला तरी तग धरतात. ऑक्सिजनशिवाय शरीर चाललं की लॅक्टिक आम्ल साठतं आणि आपल्यासारखा प्राणी त्यात दगावतो. हे मासे त्याचं अल्कोहोल करतात आणि ते कल्ल्यांवाटे पाण्यात सोडून देतात. हे कसं घडतं ते ऑस्लो आणि लिव्हरपूलच्या संशोधकांनी २०१७ मध्ये उलगडून दाखवलं. गोठलेल्या तळ्यांतल्या क्रूशियन कार्पच्या रक्तात १०० मिलिलिटरला ५० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल चढतं. भारतात गाडी चालवणाऱ्यासाठी ही मर्यादा ३० आहे. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी कोट चढवून पुन्हा तळ्यापाशी जाऊन उभी राहिले होते. कोईमध्ये मात्र ही ताकद नाही, म्हणून कोई असतील तर ऑक्सिजनची काळजी आपल्याला घ्यावी लागते. ते पुढे येईलच.

आणखी पुरावा हवा असेल तर मिनेसोटाकडे बघा. तिथला हिवाळा न्यू जर्सीहून कितीतरी कडक. २०२१ च्या जुलैमध्ये तिथल्या बर्न्सव्हिल शहराने लोकांना कळकळीने सांगितलं की पाळलेले गोल्डफिश तलावात सोडू नका. केलर लेकमध्ये सोडलेले गोल्डफिश अमेरिकन फुटबॉलएवढे झाले होते आणि तळ उकरून पाणी नासवत होते. हिवाळ्यांमागून हिवाळे ते बर्फाखाली काढत होते, त्यांना कोणी घरात नेलं नव्हतं. (नको झालेले मासे तलावात सोडू नका, ही विनंती माझीही आहे.)

‘सगळे मासे घरात आणा.’ हे मी केलं होतं. डिसेंबरचा दुसरा आठवडा, तळ्याचं पाणी ५ अंश. दोन कोई जाळीत धरल्या आणि दिवाणखान्यात प्लॅस्टिकच्या मोठ्या टबात ठेवल्या. घरात २१ अंश. काही तासांत त्यांना हिवाळ्यातून थेट जूनमध्ये आणलं होतं मी. ऊब मिळाल्यावर त्या पोहायला लागल्या, खायला लागल्या, मला वाटलं वाचवलं. तिसऱ्या दिवशी दोघी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकत होत्या आणि परांत लाल शिरा उमटल्या होत्या. अमोनियाची चाचणी केली. नळीतलं पाणी पिवळं राहायला हवं होतं, ते गर्द हिरवं झालं. माशाच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये जमायला कित्येक आठवडे लागतात, माझ्या टबात ते नव्हतेच. दोन्ही गेल्या. तळ्यात राहिलेले सगळे मासे एप्रिलमध्ये जिवंत वर आले.

तरीही काही मासे आत आणावेच लागतात, हे मान्य. ओरांडा, रांचू, बबल आय यांसारखे गोलमटोल, फुगीर अंगाचे गोल्डफिश अतिथंडीत टिकत नाहीत, त्यांना तोल सांभाळता येत नाही. आजारी मासे, शरद ऋतूत नुकतेच आणलेले अशक्त मासे, आणि फूटभर खोलीच्या टबातले किंवा अर्ध्या पिंपातले मासे, कारण एवढंसं पाणी तळापर्यंत गोठू शकतं. पण त्यांना ऑक्टोबरमध्येच आणा, पाणी अजून १२ ते १५ अंशांवर असताना, आणि दिवाणखान्यात नव्हे तर गार बेसमेंटमध्ये किंवा गॅरेजमध्ये. तिथे फिल्टर आधीपासून चालू हवा. तळ्यातल्या फिल्टरचाच स्पंज उचलून तिथे लावला की जिवाणूही आयते येतात.

‘जपानमध्येसुद्धा आणतात.’ हे अर्धं खरं आहे. निइगाताच्या डोंगरात, जिथे कोईचे रंग पहिल्यांदा पिढ्यानपिढ्या जपले गेले, तिथले व्यावसायिक शरद ऋतूत मातीच्या तळ्यांतून मासे काढतात आणि छप्पर घातलेल्या काँक्रीटच्या हौदांत ठेवतात. त्या डोंगरात माणसाच्या उंचीच्या वर स्नो साठतो, तळ्यापर्यंत वाटच उरत नाही, आणि मासे निवडायचे, वाढवायचे, विकायचे असतात. तो त्यांचा धंदा आहे, शिवाय त्यांच्याकडे हौद, फिल्टर, पिढीजात हात सगळं तयार आहे. आपल्या प्लॅस्टिकच्या टबाला तो दाखला लागू पडत नाही.

‘ऊब राहावी म्हणून पोटभर खायला घाला.’ हा सल्ला मला सगळ्यात जास्त छळतो, कारण तो मायेतून येतो. माझी आई सांगलीहून फोनवर दर हिवाळ्यात विचारते, “लेकरं उपाशी ठेवलीस का गं?” आई, हो, ठेवली, आणि ठेवायलाच हवीत. माशाच्या अंगाची ऊब म्हणजे पाण्याचीच ऊब, खाल्ल्याने ती वाढत नाही. पाणी गार झालं की पचन मंदावतं. पोटात गेलेलं तिथेच पडून राहतं, न खाल्लेलं तळाशी कुजतं आणि कुजताना ऑक्सिजन ओढतं. मी पाणी १५ अंशांच्या खाली गेलं की गव्हाच्या अंकुराचं, पचायला हलकं खाद्य देते, दिवसातून एकदाच. १० च्या खाली पूर्ण बंद. थँक्सगिव्हिंगच्या सुमारास, म्हणजे नोव्हेंबरअखेर, बंद झालेलं खाणं एप्रिलमध्ये सुरू होतं. तोवर ते उन्हाळ्यात साठवलेल्या चरबीवर राहतात. खरी परीक्षा फेब्रुवारीतल्या एखाद्या उबदार दुपारी असते. मासे वर येतात, तोंड उघडमीट करतात, हात आपोआप डब्याकडे जातो. त्या रात्री पारा पुन्हा खाली जाणार असतो. डबा मी आता घरातच ठेवते.

मिठाचा हिशोब छोटा आहे. आजारावर देतात तेवढं मीठ म्हणजे लिटरला ३ ग्रॅम. माझ्या तळ्यात ते १५ किलो होईल आणि त्याने गोठणबिंदू जेमतेम ०.२ अंशाने खाली येईल. समुद्राच्या पाण्यात लिटरला ३५ ग्रॅम क्षार असतात, तरी ते उणे १.९ अंशाला गोठतंच, आणि तेवढ्या खारात कोई जगत नाही. पाणवनस्पती तर त्याच्या आधीच जातील.

आता हातोडी. बर्फावर घाव घातला की त्याचा दणका पाण्यातून थेट माशापर्यंत जातो. माशाच्या अंगावर दोन्ही बाजूंना पाण्याची बारीकशी थरथर टिपणारी रेषा असते आणि पोटात हवेची पिशवी. त्याला पळायलाही जागा नसते. शिवाय टोकदार तुकडा खाली जाऊन रबराचं अस्तर फाटलं तर पाणीच गळून जातं. उकळतं पाणी ओतलं तर तेही थोड्या वेळाने पुन्हा गोठतं.

पण भोक मात्र हवंच, मेसेजमधला एवढा भाग बरोबर आहे. गाळातली पानं कुजून जे वायू तयार होतात त्यांना बाहेर पडायला वाट लागते आणि आत ऑक्सिजन यावा लागतो. गार पाण्यात ऑक्सिजन भरपूर मावतो (० अंशाला लिटरमागे १४.६ मिलिग्रॅम, ३० अंशाला फक्त ७.६), पण वर झाकण बसलं की आहे तो संपत जातो. त्यासाठी गरम पाण्याने भरलेलं स्टीलचं पातेलं बर्फावर ठेवा. दहा-पंधरा मिनिटांत ते गोल वितळवत खाली उतरतं. पातेल्याच्या कडीला दोरी बांधा, नाहीतर एप्रिलपर्यंत ते तळ्यातच. रोजच्यासाठी थर्मोस्टॅटचा तरंगता डी-आयसर (भोक गोठू न देणारा हीटर) किंवा एअर पंप बरा. पंपाच्या नळीचा एअर स्टोन, म्हणजे बुडबुडे सोडणारा दगड, तळाशी टाकू नका, वरच्या फूटभर पाण्यातच टांगा. तळाशी टाकला तर चार अंशांचं पाणी ढवळून वर येईल आणि मासे ज्या उबेत बसलेत तीच मोडेल. बर्फावर साठलेला स्नो झाडूने बाजूला करा, म्हणजे खाली उजेड जाईल आणि शेवाळ ऑक्सिजन करत राहील. आणि हे सगळं सोपं व्हायला हवं असेल तर ऑक्टोबरमध्येच तळ्यावर जाळी ताणा. आमच्याकडे मेपल आणि ओकची पानं आठवड्यात पोतंभर पडतात. बाहेर ठेवलेले मासे मेले तर बहुतेक वेळा त्याचं कारण थंडी नसतं, तळाशी कुजणारी ही पानं असतात.

‘बर्फ वितळला की धोका टळला.’ माझे सर्वांत जास्त मासे एप्रिलमध्ये आजारी पडले आहेत. पाणी साधारण ५ ते १५ अंशांत असतं तेव्हा एरोमोनाससारखे जिवाणू जागे होतात, माशाची प्रतिकारशक्ती मात्र अजून पेंगत असते. अंगावरची चरबी संपलेली, फिल्टरमधले जिवाणू मंद. एखादा खवला उचललेला दिसतो, त्याखाली लाल डाग, आठवड्यात जखम. आणि मग लोक म्हणतात, बघा, थंडीने मारलं. मार्च-एप्रिलमध्ये दर तीन-चार दिवसांनी अमोनिया तपासा, एका वेळी दहा टक्केच पाणी बदला, नळाच्या पाण्यातलं क्लोरीन आधी मारा, आणि खायला द्यायची घाई करू नका.

हा मेसेज आता महाराष्ट्रातही पोचलाय. नाशिकच्या माझ्या बहिणीने विचारलं, गच्चीवरच्या टबातले मासे आत घेऊ का? तिच्याकडे गोल्डफिश आहेत आणि गप्पी आहेत. निफाडकडे द्राक्षबागांत शेकोट्या पेटवाव्या लागतात इतकी थंडी पडते, पण टबभर पाणी गोठत नाही, आणि गोल्डफिशला त्या थंडीचं काही वाटत नाही. गप्पी, मॉली, बेट्टा हे उष्ण प्रदेशातले, त्यांना आत घ्यायचं किंवा हीटर लावायचा. तिला एवढंच कळवलं: गोल्डफिश राहू देत तिथेच, खाणं कमी कर, गप्पी आत ने, आणि मार्च संपायच्या आत टबावर हिरवी शेडनेट बांधून घे, कारण गच्चीवर त्या माशांचा जीव जातो तो मे महिन्यात.