सिनेमा संपेपर्यंत बसा हो, प्लीज

नोव्हेंबर जवळ आला की ओळखीतलं कोणी ना कोणी विचारतंच, इफ्फीला (गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला) जातेयस ना, मग काय काय बघू ते सांग. याद्या द्यायचं मी बंद केलंय. एकच सांगते, जे बघाल ते शेवटपर्यंत बघा. यावर लोक म्हणतात यात काय सांगायचं, आम्ही शेवटपर्यंतच बघणार ना. नाही बघत. खरंच नाही बघत, आणि मला त्याचा इतका त्रास होतो की आज सगळं लिहूनच टाकायचं ठरवलंय, पोस्ट लांब होणार आहे.

आधी माझंच सांगते. पहिल्या वर्षी कोकणकन्या एक्स्प्रेसनं गोव्यात करमळीला उतरले, रूमवर बॅग टाकली, गळ्यात कार्ड अडकवलं आणि जी सुटले ती दिवसाला पाच सिनेमे. जुन्या मेडिकल कॉलेजच्या आवारातल्या थिएटरमधून निघायचं, शेजारच्या मॅकिनेझ पॅलेसमध्ये घुसायचं, तिथून मांडवीच्या काठाकाठानं कला अकादमी, परत उलटं, मधे कुठेतरी उभ्या उभ्या भाजीपाव. तिसऱ्या दिवशी माझ्या डोक्यात एका सिनेमातली बाई दुसऱ्याच सिनेमातल्या नवऱ्याशी भांडायला लागली. घरी आल्यावर बहिणीनं विचारलं, सगळ्यात काय आवडलं, तर मला धड एक गोष्ट सलग सांगता येईना. आणि त्यातले निदान सहा-सात तरी मी शेवटची दहा-पंधरा मिनिटं सोडून पळालेले होते, कारण पुढचं बुकिंग होतं.

ज्यांनी फेस्टिव्हल केलेला नाही त्यांच्यासाठी सांगते. सीट ऑनलाइन बुक करायची असते, चांगल्या सिनेमांचं बुकिंग उघडलं की बघता बघता संपतं, आणि ज्यांना मिळालं नाही ते रश लाइनमध्ये उभे राहतात, म्हणजे आत जागा उरली तर सोडणार. मग होतं काय की लोक हाताला लागेल ते बुक करून ठेवतात, एक शो दोन दहाला संपतोय आणि दुसरा अडीचला पार दुसऱ्या ठिकाणी. अलीकडे काही शो पर्वरीलाही असतात, म्हणजे मांडवी ओलांडून जायचं. कसं जमणार? मग एकतर बुक केलेली सीट रिकामी राहते आणि बाहेर पोरं तासभर उभी असतात, नाहीतर आत बसलेला माणूस पाऊण सिनेमात उठतो.

आता एका सिनेमाचं सांगते, दरवाजाचा सिनेमा. नाव सांगत नाही, कारण मुद्दा नावाचा नाही. डोंगरातलं एक घर, एक म्हातारा, आणि त्या घराचं न लागणारं एक दार. वारा आला की ते दार आपटतं. म्हातारा जेवतोय, दार आपटतंय, मुलीचा फोन येतो, दार आपटतंय, तो ते दुरुस्त करायला बसतो, जमत नाही, सोडून देतो. दोन तासांचा सिनेमा, आणि साधारण तासाभरानं हॉलमध्ये चुळबुळ सुरू झाली. आधी मोबाइलनं चेहरे उजळले, मग टॉर्च, मग ती स्प्रिंगची सीट उठल्या उठल्या मागे जाऊन खट् वाजते ना, तो आवाज. एक खट्, मग रांगेत चार खट्. एका क्षणी मला कळेना की पडद्यावरचं दार वाजलं की मागच्या रांगेतली सीट.

शेवटच्या आठेक मिनिटांत म्हातारा ते दार बसवतो. काही होत नाही हो, तो बिजागरीत खिळा घालतो, दार ढकलतो, दार लागतं. आणि एकदम शांतता. तेव्हा अंगावर आलं की दोन तास आपण तो आवाज ऐकत होतो, आपल्याला त्याची सवय झाली होती, त्याच्याबरोबर आपण त्या घरात एकटे राहत होतो. म्हातारा नुसता उभा राहतो त्या शांततेत, हात अजून दारावर, आणि माझ्या घशात आवंढा. आणि त्या शांततेत आमच्या हॉलमध्ये, डावीकडून, खट्.

मी वळून बघितलं. हॉलच्या दाराशी अंधारात कोणीतरी उभं होतं. लाइट लागल्यावर कळलं की तो दिग्दर्शक, सुरुवातीला स्टेजवर येऊन दोन शब्द बोलला होता तोच. म्हणजे उठून गेलेला एकेक माणूस त्याच्या अंगावरूनच गेला असणार. नंतर पुढे येऊन प्रश्नांना उत्तरं देत होता, छान बोलला, जाणाऱ्यांबद्दल एक शब्दही काढला नाही. मला मात्र लाज वाटली, माझी स्वतःची, कारण मीही अशा किती दिग्दर्शकांच्या समोरून गेलेली असेन.

त्यानंतर मी दिवसाला तीनच बघते. दोन शोमध्ये दीड तास मोकळा ठेवते, नदीकाठच्या बाकावर बसते, बघितलेलं डोक्यात नीट बसू देते. सिनेमा नाहीच आवडला तर उठायचा हक्क प्रत्येकाला आहे, तो मी कशाला नाकारू, पण मग कडेची सीट घ्या आणि पहिल्या पंधरा मिनिटांत उठा. सिनेमा आवडत असतानाही केवळ पुढच्या रांगेसाठी उठणं, हे मला अजिबात पटत नाही.

लोक म्हणतात बाकीचा नंतर ओटीटीवर बघू. मोठ्या नावांचे बघाल, जे आधी फ्रान्समधल्या कान महोत्सवात गाजलेत ते सहा महिन्यांत येतीलही कुठेतरी. म्हणून तर मी त्यांच्या मागे फारशी धावत नाही. हे छोट्या देशांतले, पहिल्यांदाच सिनेमा करणाऱ्यांचे, ते येत नाहीत. तो दाराचा सिनेमा मी नंतर खूप शोधला, कुठेही मिळाला नाही. म्हणजे त्या हॉलमधून जे उठून गेले त्यांच्यासाठी तो सिनेमा तिथेच तुटलाय, कायमचा.

आणि आपल्याकडे हा फेस्टिव्हल सुरू झाला तोच मुळी अशा न मिळणाऱ्या सिनेमांसाठी. जानेवारी १९५२, मुंबई, फिल्म्स डिव्हिजननं भरवलेला, तिथून मग मद्रास, दिल्ली, कलकत्ता. गोव्यात तो कायमचा आला २००४ साली. १९५२ च्या त्या पहिल्या वर्षी 'बायसिकल थीव्ज' होता, 'राशोमोन' होता. तोवर परदेशी सिनेमा म्हणजे आपल्याकडे बहुतेक हॉलिवूडच. ना ट्रेलर, ना स्टार रेटिंग, ना कोणी आधी सांगितलेलं की शेवटी काय होतं. दिग्दर्शक बिमल रॉय यांनी त्यातला 'बायसिकल थीव्ज' हा इटालियन सिनेमा बघितला आणि १९५३ मध्ये 'दो बीघा जमीन' आला. मी नेहमी विचार करते, बाप आणि मुलगा गर्दीतून चालत जातात त्या शेवटाआधीच बिमल रॉय उठून गेले असते तर? त्या सिनेमात त्या शेवटाशिवाय उरतं काय?

असो. त्या दाराच्या सिनेमाचं अजून एक राहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी रांगेत पुढे एक मुलगा होता, पंचविशीतला, हातात शेड्यूल, त्यावर तीन रंगांच्या पेनांनी गोल केलेले. मला बघून म्हणाला, ताई तुम्ही काल त्या म्हाताऱ्याच्या सिनेमाला माझ्या शेजारी होता ना, मला निघावं लागलं हो, दुसरा शो होता. मग जरा थांबून, पुढे काय झालं?

मी सांगायचा प्रयत्न केला. ती शांतता, हात दारावर, आपल्या कानांना झालेली सवय. दोन वाक्यांनंतर मला जमेना. शेवटी म्हटलं, दार लागतं.

तो म्हणाला, बस? एवढंच?

मी म्हटलं, हो. एवढंच.

त्यानं मान हलवली, आणि रांग पुढे सरकली तसा आत गेला.