खुलासा : ग्लेझर गेलेले नाहीत

दांडिया बाजारातल्या आपल्या युनायटेडप्रेमी मंडळींत एक मेसेज फिरतोय : 'रॅटक्लिफनी मँचेस्टर युनायटेड विकत घेतला, ग्लेझर गेले, कर्ज फिटलं.' मित्रांनो, यातलं काहीच खरं नाही. फेब्रुवारी २०२४ मध्ये ब्रिटिश उद्योजक जिम रॅटक्लिफना या इंग्लिश फुटबॉल क्लबचा २७.७ टक्के हिस्सा मिळाला. डिसेंबरात आणखी पैसे घातल्यावर तो २९ टक्क्यांच्या आसपास गेला. फुटबॉलचा कारभार त्यांच्याकडे आला, सूत्रं मात्र आधीपासून मालक असलेल्या अमेरिकन ग्लेझर कुटुंबाच्याच हाती राहिली. मेख आहे ती बहुतेक ग्लेझरांकडेच राहिलेल्या 'ब' वर्गाच्या शेअरमध्ये : अशा एका शेअरला दहा मतं, बाजारात मिळणाऱ्या 'अ' वर्गाच्या शेअरला एकच. आणि कर्ज? २००५ मध्ये ग्लेझरनी क्लब घेतला तोच मुळी बहुतांश कर्जाच्या पैशांवर, आणि बोजा टाकला क्लबच्याच डोक्यावर. हे मला आजही सलतं. रॅटक्लिफनी शेअरसाठी मोजलेली बरीचशी रक्कम विकणाऱ्यांच्या खिशात गेली. क्लबात आलेले ३० कोटी डॉलर ओल्ड ट्रॅफर्ड या क्लबच्या स्टेडियमच्या कामांसाठी म्हणून जाहीर झाले होते, कर्जफेडीसाठी नव्हे.